इरजण

फॉर्मवरचा नववा प्रश्न:
घरात हिंसा होते का. हो. नाही.
मी पेन उघडून बसते.
समोर पंचफुला तूर पाखडते आहे.
हिंसा म्हनजे?
मी म्हणते, मारतो का तो.
नाई व माय, मारत नाई. कधीमधी हानते.

फरक तिनं सुपाची लय न मोडता सांगितला.
मारनं म्हनजे रक्त निंगाले पायजे,
चार लोकाईत, भर रस्त्यावर.
घरातल्या घरात होते थे हाननं.
सासूनं उपाशी ठेवलं त थे वळन लावनं.
दिरानं केस धरले त थो डोक्याचाच गरम हाय.
आन बोलनं? त्याले कोन मोजते.

दुर्पतानं दंडावरचं निळं दाखवलं
आणि बैलाचं नाव घेतलं.
बैल विकून दोन वर्षं झाली,
हे तिलाही माहीत, मलाही.
आम्ही दोघी थोडा वेळ बैलाबद्दल बोललो.
शिंगं मोठी होती म्हणे, पण जनावर गरीब.

डोमाजी सपरीतून ओरडले,
आमच्या येळी असं काही नव्हतं बाई!
आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला,
आमच्या येळी कागद नव्हता.

दिवेलागणीला रकाना मोजला:
एकेचाळीस घरं, एकेचाळीस नाही.
तालुक्याच्या बैठकीत आमच्या गावाचं कौतुक होईल.

पण कुडाच्या भिंती म्हणजे नुसती ऐकायची सोय.
वरच्या पुऱ्यात आवाज चढला, गंज आपटला,
की गिरजाबुढी उठते,
पायात चप्पल नाही, हातात वाटी.
कडी वाजवते:
इरजण हाय काय व थोडंसं?

दारात बुढी उभी म्हटल्यावर
उगारलेला हात खाली येतो,
शर्टाची बटणं लावू लागतो.
सून पदर सारखा करते,
चमचाभर दही घालते वाटीत.
आणि बुढी हलत नाही.
उंबऱ्यावर बसून गुडघ्याचं सांगते, दोडक्याच्या वेलाचं,
सरपंचाच्या हरवलेल्या शेळीचं,
त्याचा राग पेंगायला लागेपर्यंत.

गिरजाबुढीकडे गाय नाही, शेळी नाही.
चहाही ती कोराच पिते.
एवढं इरजण कशाला लावते
हे गावात कुणी विचारत नाही.
मी एकदा विचारलं, ठाण्यात का नेत नाहीस तिला?
ठानं अठरा किलोमीटर, ती म्हणाली,
आन मंदात रात हाय.

एकदा ती लेकीकडे गेली होती आर्वीला, तीन रात्री.
वच्छलाचं झालं ते त्याच तीन रात्रींत.
पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरून.
बुढी त्यावर बोलत नाही.
तेव्हापासून वाटी तिच्या उशाशी असते.

पुढचा रकाना: मदत कोणाकडे मागितली.
पोलीस. पंचायत. माहेर. इतर.
इतरपुढे एक वाटी मावेल एवढी जागा नाही.

बेचाळिसावं घर माझं.
माझा नवरा अंगाला हात लावत नाही. शिवी देत नाही.
माझ्या मानधनाचा मेसेज त्याच्या मोबाईलवर येतो.
किती घरं फिरलीस, कोण कोण भेटलं,
हे तो रोज विचारून घेतो, शांतपणे,
आणि चूक सापडली की बोलणं बंद करतो.
यावेळी बैलपोळ्यापासून बंद आहे.
आता घरात तुरी फुटल्या.
पंचफुलाकडेसुद्धा याला शब्द नसेल.

मी पेन नाहीवर टेकवलं.

कडी वाजली.
तो आत झोपलेला. गाव झोपलेलं.
मी दार किलकिलं करून म्हटलं,
आवाज तर झाला नव्हता, बुढे.

थेच तं, ती म्हणाली,
आणि वाटी पुढे केली.